नक्षीदार मुखवटा, विटांचं खोकं: अमेरिकेतल्या छोट्या गावांच्या जुन्या दुकान-इमारतींविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘मेन स्ट्रीटवरची’, म्हणजे गावाच्या मुख्य बाजाररस्त्यावरची, ‘नक्षीदार इमारत’ नेमकी कोणती?

इलिनॉय, इंडियाना, मिसूरी, आयोवा अशा राज्यांतल्या जुन्या गावांत कोर्टाच्या चौकाभोवती किंवा रेल्वे स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या दोन-तीन मजली इमारती दिसतात. त्या साधारण १८६० ते १९१० या काळातल्या. रुंदी २० ते २५ फूट, खोली ८० ते १२० फूट. खाली दुकान; वर वकील, दंतवैद्य, छायाचित्रकार यांच्या खोल्या; तिसरा मजला असेल तर तिथे बहुधा एखाद्या बंधुमंडळाचं (फ्रीमेसनसारख्या सभासद-संघटनेचं) सभागृह. माथ्यावर कंसांवर तोललेली कॉर्निस, म्हणजे पुढे आलेली नक्षीदार आडवी पट्टी, मध्ये त्रिकोणी शिखर, त्यावर मालकाचं नाव आणि साल.

मागच्या गल्लीत जाऊन पाहिलं की गंमत कळते. उरलेल्या तीन बाजू साध्या, ओबडधोबड विटांच्या. सगळा थाट रस्त्याकडच्या एका बाजूला. हा दर्शनी भाग म्हणजे मुखवटा आणि त्यामागे विटांचं खोकं. या दोन गोष्टी वेगळ्या माणसांनी, वेगळ्या मालातून आणि कधीकधी वेगळ्या दशकांत बनवल्या आहेत हे ध्यानात ठेवलं, तर पुढच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं सोपी होतात.

रुंदी नेहमी २०-२५ फूटच का?

लाकडी वाशांमुळे. जमिनीचे वासे एका बाजूच्या भिंतीवरून समोरच्या भिंतीवर आडवे टाकलेले असतात. मध्ये खांब न देता लाकूड जेमतेम तेवढंच अंतर पेलतं. म्हणजे सगळा भार दोन लांब बाजूच्या भिंतींवर, आणि त्या बहुतेकदा शेजाऱ्याशी सामाईक असतात. रस्त्याकडच्या भिंतीवर तिच्या स्वतःच्या वजनापलीकडे फारसं काही नसतं.

म्हणूनच ती खालून जवळपास पूर्ण उघडता येते. आडवी लोखंडी तुळई, खाली चार-सहा बिडाचे सडपातळ खांब आणि मधल्या जागेत काच. विटांचे जाड खांब दिले असते तर दुकानात अंधार झाला असता आणि माल मांडायची जागा गेली असती. वीज येण्याआधी शंभर फूट खोल दुकानात पुढून शिरणारा उजेड हाच काय तो उजेड होता.

रुंदी ४०-५० फूट दिसली, तर आत मधोमध बिडाच्या किंवा लाकडाच्या खांबांची एक ओळ असते किंवा दोन दुकानांमधली भिंत असते.

एवढी नक्षी छोट्या गावात आली कशी? कारागीर कुठले?

बहुतेक वेळा कारागीर गावात आलाच नाही. नक्षी टपालाने मागवली गेली.

सेंट लुइसमध्ये बर्नार्ड आणि फ्रँक मेस्कर या भावांनी १८७९ मध्ये मेस्कर ब्रदर्स आयर्न वर्क्स सुरू केलं. त्यांचा भाऊ जॉर्ज मेस्कर याचा वेगळा कारखाना इंडियानातल्या इव्हान्सव्हिलमध्ये होता. दोन्ही कारखाने सचित्र कॅटलॉग छापून देशभरच्या दुकानदारांना आणि बांधकाम ठेकेदारांना पाठवत. दुकानदार आपल्या जागेची रुंदी, मजल्यांच्या उंच्या आणि खिडक्यांची संख्या कळवायचा. कारखाना त्या मापाने खांब, उंबऱ्याच्या पट्ट्या, खिडक्यांवरचे मुकुट, नक्षीदार पत्रे आणि कॉर्निस तयार करायचा. माल रेल्वेने येई आणि गावातलेच सुतार-गवंडी तो उभा करत. अशा इमारतींना आज तिकडे सरळ ‘मेस्कर’ म्हणतात.

हे दोघेच होते असं नाही. सेंट लुइसमध्येच पुलिस ब्रदर्स आणि ख्रिस्तोफर अँड सिम्पसन होते. ओहायोतल्या सेलम गावी डब्ल्यू. एच. मुलिन्स यांचा कारखाना पत्रा ठोकून नक्षीकाम आणि पुतळे करत असे. त्यामुळे शेकडो मैल दूर असलेल्या दोन गावांत हुबेहूब एकच कॉर्निस दिसली तर नवल नाही. ‘आमच्या गावची ही इमारत जगात एकमेव’ असं स्थानिक माहितीफलकावर लिहिलं असेल, तर आधी कॅटलॉग तपासावा.

आपली इमारत मेस्करची आहे का, हे कसं ओळखायचं?

सर्वांत आधी बिडाच्या खांबांच्या पायथ्याशी बसा आणि पदपथापासून फूटभर उंचीपर्यंत बोट फिरवा. कारखान्याचं नाव तिथे ओतलेलं असतं किंवा छोटी पाटी असते. रंगाच्या दहा-बारा थरांखाली अक्षरं बुजलेली असतात. कागद ठेवून पेन्सिल घासली तर उमटतात. सेंट लुइसच्या मेस्करांच्या पाट्यांवर पेटंटची तारीखही असते, ऑक्टोबर १८८७ ची. ती पेटंटची तारीख आहे, इमारतीची नव्हे. ही चूक फार जण करतात.

पाटी नसेल तर नक्षी पाहायची. सेंट लुइसच्या खांबांवर त्रिदल लिलीचं फूल वारंवार येतं, तर इव्हान्सव्हिलच्या जॉर्ज मेस्करच्या खांबांवर वेलीवरची मॉर्निंग ग्लोरीची फुलं. खालचे खांब एका कारखान्याचे आणि वरची कॉर्निस दुसऱ्याची असंही होतं, म्हणून दोन्ही वेगवेगळे तपासावेत.

बिडाच्या दर्शनी भागाची सुरुवात कुठून झाली?

न्यूयॉर्कमधून. जेम्स बोगार्डस याने १८४८-४९ च्या सुमारास बिडाचे साच्यात ओतलेले सुटे भाग बोल्टने जोडून दर्शनी भिंती उभ्या करायला सुरुवात केली आणि १८५० मध्ये पेटंट घेतलं. डॅनियल बॅजर हा त्याचा मोठा प्रतिस्पर्धी. बॅजरच्या कारखान्याने १८५७ च्या हॉवाउट इमारतीचा बिडाचा दर्शनी भाग बनवला. ब्रॉडवेवरची ही इमारत आजही उभी आहे आणि ओटिसची पहिली व्यावसायिक प्रवासी लिफ्ट तिच्यातच बसली.

बोगार्डसच्या १८४९ च्या लैंग स्टोअर्सचं नशीब मात्र विचित्र. पुन्हा उभारण्यासाठी १९७१ मध्ये ही इमारत सुटी करून भाग रचून ठेवले होते. १९७४ मध्ये त्यातले बरेचसे भंगारासाठी चोरीला गेले. सुटी करता येणारी इमारत चोरताही येते.

छोट्या गावांना बिडाची अख्खी भिंत परवडणारी नव्हती आणि तिची वाहतूकही जड. म्हणून १८८० नंतर तडजोड रूढ झाली: तळमजल्याला बीड, वरच्या मजल्यांना जस्ताचा मुलामा दिलेला पातळ पत्रा. पत्रा हलका, स्वस्त, ठोकून हवी ती नक्षी देता येणारा, आणि दगडी रंग दिला की वीस फुटांवरून दगडच वाटणारा. काही ठिकाणी ओल्या रंगावर वाळू उडवून दगडाचा खरखरीतपणाही आणत.

बीड, पत्रा, जस्त, लाकूड की दगड, हे हात न पोचणाऱ्या उंचीवर कसं कळणार?

शिडी आणि लोहचुंबक, या दोन गोष्टी पुरतात. पद्धत अशी: आधी बोटाने ठोका. बीड घट्ट, बद्द आवाज देतं, पत्रा डब्यासारखा वाजतो, लाकूड मऊ. मग चुंबक लावा. बीड आणि पोलादी पत्रा दोन्हींना तो चिकटतो. पत्र्याच्या कॉर्निसवरची पानं, फुलं, सिंहमुखं यांना चिकटला नाही, तर ती बहुधा ओतीव किंवा ठोकून घडवलेल्या जस्ताची आहेत आणि पत्र्यावर डाख देऊन बसवलेली आहेत. हा फरक दुरुस्तीच्या वेळी महत्त्वाचा ठरतो, कारण जस्त अगदी कमी उष्णतेला, ४२० अंश सेल्सियसला वितळतं. जोराची मशाल लावली की फुलाचा गोळा होतो.

सांधेही बोलतात. बिडाच्या भागांत बोल्टची डोकी आणि सरळ, जाड सांधे दिसतात. पत्र्यात दुमडलेल्या किंवा एकावर एक चढवलेल्या कडा असतात आणि खिळे दिसतात. लाकूड तंतूंच्या दिशेने फाटतं. पत्र्याची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, बिडाच्या खांबाची भिंत अर्धा ते एक इंच; खालच्या कडेला कुठेतरी छेद दिसतोच.

माथ्यावर ‘१८९२’ लिहिलंय. म्हणजे इमारत १८९२ ची ना?

असेलही. पण ते साल मुखवट्याचं असू शकतं. १८७० चं साधं विटांचं दुकान घेऊन नव्या मालकाने वीस वर्षांनी पुढे कॅटलॉगचा दर्शनी भाग चढवला, असं सर्रास झालं. उलट काही ठिकाणी साल मंडळाच्या किंवा व्यवसायाच्या स्थापनेचं असतं. नावाचंही तसंच: ते इमारत बांधून घेणाऱ्या मालकाचं असतं, वास्तुविशारदाचं सहसा नाही आणि दुकान चालवणाऱ्याचं असेलच असं नाही.

खातरजमा करायची तर तळघरात आणि माळ्यावर जावं. खिळे चौकोनी आहेत की गोल तारेचे? तारेचे खिळे १८९० च्या दशकात रूढ झाले. दर्शनी भागाच्या पाठीमागे विटांची भिंत आहे की नुसता लाकडी सांगाडा? बाजूच्या भिंतीच्या विटा दर्शनी भिंतीत गुंफलेल्या आहेत, की मध्ये उभी सलग दरज आहे? सलग दरज दिसली तर पुढचा भाग नंतरचा.

इमारतीचा इतिहास शोधायला सुरुवात कुठून करावी?

सॅनबोर्न नकाशांपासून. आगीच्या विम्यासाठी सॅनबोर्न कंपनीने १८६७ पासून सुमारे १२ हजार गावांचे नकाशे काढले. प्रमाण एक इंचाला ५० फूट. प्रत्येक इमारत वेगळी रंगवलेली: गुलाबी म्हणजे वीट, पिवळा म्हणजे लाकूड, निळा म्हणजे दगड, राखाडी म्हणजे लोखंडी पत्रा. इमारतीतला आकडा मजल्यांचा. ‘एस’ म्हणजे दुकान, ‘डी’ म्हणजे राहतं घर. बऱ्याच गावांचे पाच-सात वर्षांच्या अंतराने काढलेले नकाशे मिळतात. लागोपाठचे दोन नकाशे शेजारी ठेवले की इमारत कोणत्या वर्षांच्या दरम्यान उगवली ते कळतं. पिवळा चौकोन पुढच्या नकाशात गुलाबी झालेला दिसला, तर मधल्या काळात लाकडी दुकान जळलं किंवा पाडलं गेलं. लायब्ररी ऑफ काँग्रेसने यातले पुष्कळ नकाशे इंटरनेटवर मोफत ठेवले आहेत.

त्यानंतर काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागाच्या) कचेरीतली खरेदीखतं. तिथे आजच्या मालकापासून मागे मागे जायचं. खरेदीखतात जमीन असते, इमारत नसते; पण एकाच प्लॉटची किंमत दोन व्यवहारांत एकदम तिप्पट झाली किंवा मोठं गहाणखत दिसलं, तर तिथे बांधकाम झालं असं समजून त्या वर्षाची स्थानिक वर्तमानपत्रं चाळावीत. गावाच्या मिरवणुकींचे जुने फोटो आणि पोस्टकार्डंही कामाची. फोटो मिरवणुकीचा असतो, पण मागे इमारती असतात.

एका गावातल्या सगळ्या इमारती एकाच वयाच्या का वाटतात?

आग. लाकडी बाजारपेठ एका रात्रीत जळायची आणि दुसऱ्या वर्षी विटांची उभी राहायची. वॉशिंग्टन राज्यातलं एलेन्सबर्ग ४ जुलै १८८९ ला जळलं; त्याच उन्हाळ्यात सिअॅटल आणि स्पोकेनही. आगीनंतर नगरपालिका बाजारभागात लाकडी बांधकामाला बंदी करत आणि विमा कंपन्या विटांच्या इमारतीला कमी हप्ता लावत.

बीड जळत नाही, म्हणून ते ‘अग्निरोधक’ म्हणून विकलं जायचं. ते अर्धसत्य होतं. तापलेल्या बिडावर बंबाचं गार पाणी पडलं की ते तडकतं. १८७१ च्या शिकागोच्या आगीत बिडाच्या इमारतींनीही मान टाकली.

शैली ओळखायची सोपी युक्ती?

थोडक्यात: उंच, अरुंद, वर कमानदार खिडक्या आणि जड कंसांची कॉर्निस म्हणजे इटालियन धाटणी, १८५० ते १८८० चं दशक. बाहेर आलेल्या खिडक्या, कोपऱ्यावरचा मनोरा, वेगवेगळे पोत म्हणजे क्वीन अॅन, १८८० नंतर. खडबडीत दगड आणि रुंद अर्धगोल कमानी म्हणजे रोमनेस्क. १८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनानंतर माळा, पुष्पहार, अभिजात स्तंभ आणि फिका रंग. पण कॅटलॉगवाले सगळ्यांची खिचडी करायचे, त्यामुळे शैलीवरून काढलेल्या सालावर दहा वर्षं इकडे-तिकडे धरावीत.

छोट्या गावात नामांकित वास्तुविशारदाची इमारत असते का?

क्वचित, पण असते तेव्हा अप्रतिम असते. लुई सलिव्हनने कारकिर्दीच्या उतरणीला मध्य-पश्चिमेतल्या गावांत छोट्या बँका बांधल्या. मिनेसोटातल्या ओवाटोना इथली नॅशनल फार्मर्स बँक (१९०८) आणि आयोवातल्या ग्रिनेलची मर्चंट्स नॅशनल बँक (१९१४) या त्यांतल्या सर्वांत देखण्या. त्यांना ‘रत्नपेट्या’ म्हणतात. तिथली नक्षी टेराकोटाची (भाजलेल्या मातीची), त्या एका इमारतीसाठी घडवलेली. आणि मुख्य म्हणजे तिथे मुखवटा आणि खोकं हा भेद नाही, पेटी सर्व बाजूंनी विचारपूर्वक केलेली आहे. कॅटलॉगच्या इमारतीला सलिव्हनच्या मापाने मोजणं मात्र अन्यायाचं. तिची करामत वेगळी आहे: तीनशे मैलांवरच्या कारखान्यातला माल, मापात, गावच्या सुतारानेही बसवता येईल असा.

दुकानाच्या काचांच्या वर बुजवलेली पट्टी आहे. तिच्यात काय असतं?

खजिना असू शकतो. दर्शनी काचेच्या वरच्या आडव्या पट्टीत उजेड आत खोलवर नेणारी तावदानं असत. १८९७ पासून शिकागोच्या लक्सफर कंपनीच्या प्रिझम काचा लोकप्रिय झाल्या: चार इंची चौकोन, पाठीवर आडव्या धारा, तांब्याच्या पट्ट्यांत गुंफलेले. धारा उजेड वाकवून दुकानाच्या मागच्या टोकाकडे पाठवतात. वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइटने या काचांच्या नक्ष्यांची पेटंटं घेतली होती. १९५० नंतर छत खाली आणलं, वातानुकूलन आलं, तेव्हा ही पट्टी प्लायवूड किंवा पत्र्याने झाकली गेली. काचा पुष्कळदा आत तशाच आहेत. जांभळट दिसल्या तर घाबरू नये. काचेतलं मँगेनीज उन्हाने तसा रंग घेतं.

झाकण काढताना खालच्या कोपऱ्यातला एकच स्क्रू आधी काढून टॉर्चने आत बघावं. अख्खं झाकण एकदम ओढलं तर त्याच्याच आधाराने टेकलेली तावदानं अंगावर येतात.

दर्शनी भागावर काळी चकचकीत काच किंवा अॅल्युमिनियमची जाळी आहे. काढून टाकावी का?

अॅल्युमिनियम बहुधा काढावं, काळी काच बहुधा ठेवावी. इथे मतभेद होतात, आणि ते रास्त आहेत.

काळी किंवा रंगीत जाड काच, म्हणजे व्हिट्रोलाइट किंवा करारा, १९३० च्या दशकातली. मंदीच्या काळात १९३४ च्या गृहनिर्माण कायद्याखाली नूतनीकरणासाठी हमी असलेली कर्जं मिळू लागली आणि काच कारखान्यांनी ‘मेन स्ट्रीट आधुनिक करा’ असा धोशा लावला. ही काच आता स्वतःच ऐतिहासिक झाली आहे आणि तिचं उत्पादन थांबलं आहे. फुटलेल्या तुकड्याला जुना तुकडाच शोधावा लागतो. ती डांबरी चिकीच्या, म्हणजे चिकट लगद्याच्या, गोळ्यांनी भिंतीला चिकटवलेली असते. तीस-चाळीस वर्षांत चिकी कडक होते, पकड सुटते. सैल तुकडा उतरवायचा तर पृष्ठभागाला वाफ देऊन चिकी मऊ करायची आणि मागून पियानोची तार करवतीसारखी फिरवायची. पहारीने उचकटलं की काच गेलीच.

१९५०-६० च्या दशकांतली अॅल्युमिनियमची आवरणं मात्र सहसा नुसती अडकवलेली असतात. सावधगिरी एवढीच, की ती सपाट बसावीत म्हणून मागे आलेले कंस, खिडक्यांचे मुकुट कित्येकदा छाटून टाकलेले असतात. आवरण उतरवण्याआधी चार ठिकाणी तपासणीची भोकं पाडून आत काय उरलं आहे ते बघावं आणि मगच दुरुस्तीचा अंदाज मांडावा. आवरण काढून ठेवलं आणि पैसे संपले, तर छाटलेल्या जागांतून पहिल्याच हिवाळ्यात पाणी आत शिरतं.

सर्वांत आधी काय बिघडतं?

छत, आणि तेही मागच्या बाजूचं. या इमारतींचं छत पुढून मागे हलक्या उताराचं असतं. पाणी मागच्या पन्हळीत येतं. पन्हळ तुंबली की मागची भिंत भिजते, वाशांची टोकं कुजतात. लोक पुढची कॉर्निस रंगवतात आणि मागे छत गळत असतं. खर्चाचा क्रम ठरवायचा तर छत, पन्हळ, कठड्याचे माथे, मग दर्शनी भाग. उलटा क्रम लावला तर रंगाचे पैसे वाया जातात.

पुढच्या बाजूला पाणी तीन जागांनी शिरतं: कॉर्निसच्या वरच्या सपाट पत्र्यातून, मुखवटा आणि बाजूच्या भिंतीच्या सांध्यातून, आणि दुकानाच्या डोक्यावरच्या लहान कॉर्निसमधून. ही तिसरी जागा हमखास विसरली जाते. तिच्या मागेच मुख्य आडवी तुळई आहे. तुळईवर गंज चढला की तो मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा व्यापतो आणि वरच्या विटा उचलतो. तुळईच्या दोन्ही टोकांना विटांत पायऱ्यापायऱ्यांचे तडे दिसले, तर नुसते तडे बुजवून उपयोग नाही. तुळई उघडून पाहावी लागते.

कॉर्निस पुढे झुकली आहे. पडेल का?

पडू शकते. बाहेरून पत्रा दिसत असला तरी आत लाकडी चौकट असते, आणि झुकण्याचं कारण बहुधा ते कुजलेलं लाकूड असतं. खालचा पदपथ आधी बंद करावा. मग वरून, छताच्या बाजूने, कॉर्निसच्या पोकळीत बघावं. कबुतरांची विष्ठा पोतीभर निघते. मास्क आणि हातमोजे घालून, आधी पाणी शिंपडून, मगच उचलावी.

चांगली दुरुस्ती अशी: पत्र्याचे भाग आकडे घालून, फोटो काढून, सांध्यांवर सुटे करायचे. आत नवी चौकट करून भिंतीला गंजरोधक पोलादी पट्ट्यांनी घट्ट बांधायची. फाटलेल्या पत्र्याला पाठीमागून त्याच जातीच्या पत्र्याचं ठिगळ डाखाने लावायचं. नवं खिळेकाम मुलामा दिलेल्या खिळ्यांनीच. तांब्याचे खिळे किंवा तांब्याची पट्टी जस्ताच्या मुलाम्याला टेकली की मुलामा खाल्ला जातो. माथ्यावरचा पत्रा बाहेरच्या बाजूला उताराचा असावा. डांबर फासणं हा उपाय नाही. डांबराखाली पाणी अडकतं आणि पुढच्या माणसाला ते खरवडता येत नाही.

बिडाच्या खांबाला तडा गेला आहे. वेल्डिंग करून घ्यावं का?

आधी तडा का गेला ते पाहा. खांब पोकळ असतात. वरच्या सांध्यातून आत पाणी साचतं, थंडीत गोठतं, फुगतं आणि खांब उभा फाटतो. तळाची पाणी जायची वाट कुणीतरी सिमेंटने किंवा रंगाने बुजवलेली असते. ती मोकळी केल्याशिवाय बाकी काहीही करू नये.

वेल्डिंग होतं, पण सगळ्यांना जमत नाही. बिडात कार्बन २ ते ४ टक्के असतो. असमान तापवलं की वेल्डच्या शेजारीच नवा तडा जातो. आधी सावकाश तापवून, निकेलच्या कांड्या वापरून, हळूहळू थंड करावं लागतं. भार घेणाऱ्या खांबात त्यापेक्षा धातूचे टाके घालून सांधणं बरं. नुसती नक्षी गेली असेल तर धातू-मिश्रित इपॉक्सी पुरते.

नवा भाग ओतायचा झाला तर एक हिशेब विसरू नये: ओतलेलं बीड थंड होताना फुटाला एक अष्टमांश इंच आक्रसतं. जुन्या दहा फुटी खांबाचा साचा जसाच्या तसा घेतला तर नवा खांब सव्वा इंचाने आखूड येतो. साचा तेवढा वाढवूनच करावा लागतो. अॅल्युमिनियमची प्रत हलकी आणि स्वस्त, पण ती भार घेण्यासाठी नाही आणि बिडाला टेकते तिथे मध्ये दोन धातूंना वेगळं ठेवणारा थर हवा. फायबरग्लास वरच्या नक्षीला चालतो. हात लागणाऱ्या उंचीवर त्याचा पोकळ आवाज लगेच फसवणूक उघड करतो.

रंग दोन वर्षांत सुटतो. का?

पत्रा असेल तर उत्तर बहुधा एकच: जस्ताच्या मुलाम्यावर थेट तेलाचा किंवा अल्किड रंग लावला आहे. त्यातलं तेल जस्ताशी मिळून साबणासारखा थर बनवतं आणि रंग सोलून निघतो. तिथे जस्तासाठीचा वेगळा प्रायमर आणि वर अॅक्रिलिक रंग लागतो. बिडाचं उलट: गंज खरवडून उघडं केलेलं बीड काही तासांतच पुन्हा तांबूस होतं, म्हणून त्याच दिवशी गंजरोधक प्रायमर, मग दुसरा हात, मग सांधे भरणं, मग रंग. पाणी बाहेर जायच्या भोकांवर पुट्टी मारू नये.

जुना रंग खरवडण्याआधी शिशाची चाचणी करून घ्यावी. या वयाच्या इमारतीत शिसं असतंच असं धरून चालावं. मूळ रंग कळायला एखाद्या आडोशाच्या जागी रंगाचे थर चाकूने गोलाकार तासून वर्तुळं उघडी करावीत आणि भिंगातून पाहावीत. सगळ्यांत आतलं वर्तुळ प्रायमर असतं, मूळ रंग त्याच्या बाहेरचा. लालसर थर पाहून इमारत लाल रंगवणारे बरेच आहेत. तो शेंदराचा प्रायमर होता.

सँडब्लास्टिंग?

बिडावर, ८० ते १०० पौंड दाबाने, जाणकाराच्या हातून चालतं. पत्र्यावर, जस्तावर, विटेवर, टेराकोटावर अजिबात नाही. विटेची भाजलेली कडक कातडी एकदा गेली की आतला मऊ भाग पाणी पितो आणि गोठून ढपले उडतात. हे नुकसान भरून काढता येत नाही.

विटांच्या दरजा कशाने भराव्यात?

बाजूच्या आणि मागच्या भिंतींना चुन्याचा गारा. अमेरिकेत पोर्टलंड सिमेंट १८७० च्या दशकात बनू लागलं, पण गावोगावच्या भिंतींत बराच काळ चुनाच होता. मऊ विटांत कडक सिमेंट भरलं की भिंतीतला ओलावा दरजेतून न सुटता विटेतून सुटतो. आधी लोणा, मग पापुद्रे, मग दरजा जशाच्या तशा आणि मधल्या विटा खचलेल्या, असं उफराटं दृश्य दिसतं.

काम असं: दरजेच्या रुंदीच्या अडीचपट खोल जुना माल काढायचा. उभ्या दरजांत ग्राइंडर घालू नये, वरच्या-खालच्या विटा कापल्या जातात, तिथे छिन्नी. धूळ धुवायची, भिंत ओलसर ठेवायची, पण पाणी साचलेलं नको. चुना एक भाग, वाळू तीन भाग हे सुरुवातीचं प्रमाण. वाळूचा रंग आणि दाणा जुन्याशी जुळवावा, कारण दरजेचा रंग प्रामुख्याने वाळूचाच असतो. पाव-पाव इंचाचे थर, प्रत्येक थर अंगठ्याने दाबून ठसा जेमतेम उमटेल इतका घट्ट झाला की पुढचा. हवा ४ अंश सेल्सियसच्या खाली जाणार असेल तर काम थांबवावं.

रस्त्याकडच्या गुळगुळीत दाबीव विटांची गोष्ट वेगळी. त्यांच्या दरजा अष्टमांश इंचाच्या असतात आणि सहसा शाबूत असतात. त्यांना उगाच हात लावू नये. ही दर्शनी विटांची पातळ ओळ मागच्या भिंतीला मोजक्याच ठिकाणी आतून गुंफलेली असते. भिंत मधोमध फुगलेली दिसली तर दरजा भरण्याने ती बसणार नाही. गंजरोधक पोलादी खिळे घालून दोन्ही थर पुन्हा बांधावे लागतात.

वरचे मजले रिकामे का पडले, आणि वापरात आणता येतात का?

तिसऱ्या मजल्यावर मंडळाचं सभागृह होतं का ते माथ्यावरच्या खुणेवरून कळतं: तीन कड्यांची साखळी म्हणजे ऑड फेलोज, गुण्या आणि कंपास म्हणजे फ्रीमेसन. मंडळं आटली, डॉक्टर-वकील लिफ्ट आणि पार्किंग असलेल्या जागी गेले, आणि जिना एकच असल्याने नव्या अग्निसुरक्षा नियमांत वरची जागा भाड्याने देणं अवघड झालं. अडचण आजही तीच आहे. दुसरी बाहेर पडायची वाट कुठून काढायची ते आधी ठरवावं: मागचा लोखंडी जिना, की सामाईक भिंतीतून शेजारच्या इमारतीच्या जिन्याशी जोडणी? स्प्रिंकलर (आग लागताच पाणी फवारणारे नळ) बसवले तर एका जिन्यावर काही प्रमाणात भागतं, पण ते स्थानिक बांधकाम अधिकाऱ्याकडून लेखी घेतल्याशिवाय नकाशावर पैसे खर्चू नयेत.

नॅशनल रजिस्टरवर नाव गेलं की मालकाचे हात बांधले जातात का?

नाही. १९६६ च्या कायद्याखालची ऐतिहासिक स्थळांची ही केंद्रीय यादी मालकाला स्वतःच्या पैशाने इमारत रंगवण्यापासून, बदलण्यापासून, अगदी पाडण्यापासूनही रोखत नाही. रोखतो तो गावाचा स्थानिक वारसा-नियम, असेल तर. दोन्हींची गल्लत फार होते.

फायदा आहे तो करात. उत्पन्न देणाऱ्या नोंदणीकृत इमारतीच्या पात्र दुरुस्ती-खर्चाच्या २० टक्के इतकी केंद्रीय आयकरात सूट मिळते, आता ती पाच वर्षांत विभागून. अट अशी की खर्च इमारतीच्या समायोजित पुस्तकी किमतीपेक्षा किंवा ५,००० डॉलर्सपेक्षा, यांतल्या मोठ्या आकड्यापेक्षा जास्त हवा आणि तो २४ महिन्यांत झालेला हवा. टप्प्याटप्प्याने करायचं आधीच ठरवलं तर ६० महिने. अर्जाचे तीन भाग: पहिला इमारतीच्या महत्त्वाचा, दुसरा प्रस्तावित कामाचा, तिसरा काम पूर्ण झाल्याचा. हे अर्ज राज्याच्या वारसा कचेरीमार्फत नॅशनल पार्क सर्व्हिस या केंद्रीय खात्याकडे जातात.

अर्ज अडतात ते बहुधा एकाच कारणाने: दुसरा भाग मंजूर होण्याआधी काम सुरू केलेलं असतं. जुन्या लाकडी खिडक्या कचऱ्यात गेल्या, विटा सँडब्लास्ट झाल्या, आणि मग अर्ज आला. शिवाय काम सुरू करण्याआधीचे फोटो नसतात. प्रत्येक खोलीचे, प्रत्येक बाजूचे फोटो आधी काढून, नकाशावर आकडे टाकून ठेवावेत. आणि पाच वर्षांच्या आत इमारत विकली तर सुटीचा काही भाग परत द्यावा लागतो.

दाराशी एक पायरी आहे. व्हीलचेअरसाठी बिडाचा उंबरा तोडावा लागेल का?

सहसा नाही. १९९० च्या अपंगत्व कायद्याप्रमाणे उताराचं प्रमाण एकास बारा, म्हणजे सहा इंची पायरीला सहा फूट उतार. दार दोन काचांच्या मध्ये चार-पाच फूट आत घेतलेलं असतं. त्या खाचेतली फरशी आणि पुढचा पदपथ मिळून बऱ्याचदा तेवढं अंतर निघतं, पण दाराबाहेर सपाट जागाही सोडावी लागते. नगरपालिका पदपथ नव्याने टाकणार असेल तर तो दुकानासमोर दोन-तीन इंच उचलायला सांगावं. फक्त उचललेल्या पदपथाचा उतार इमारतीकडे येऊ देऊ नये आणि खांबांच्या तळाची पाण्याची भोकं काँक्रीटखाली गाडली जाऊ नयेत. ठेकेदार ती हमखास गाडतात.